घरात मराठी, गाण्यात गोंडी

तेलंगणात आदिलाबादकडच्या इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूरला पुष्य अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. राजगोंडांच्या मेस्राम कुळाची माणसं त्याआधी पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात. जत्रेत दुकानं, पाळणे, भोंगे सगळं असतं. पण कुळाची गोष्ट तिथे पोहोचते ती किकरीवरून.

किकरी म्हणजे कातडं मढवलेलं लाकडी पोट, वर दांडी, तीन तारा. गज घोड्याच्या केसांचा. वाजवणारा प्रधान, म्हणजे गोंडांचा पिढीजात गायक, ओळ टाकतो, एक-दोन साथीदार ती झेलून पुन्हा म्हणतात, आणि तेवढ्या अवकाशात तो पुढची ओळ जुळवतो. समोर वही नाही.

गंमत अशी, की आदिलाबादच्या प्रधानांची घरची बोली मराठी. पोराला हाक मारायची, बैलाला शिवी द्यायची ती मराठीत. गज तारेवर टेकला की मात्र गोंडी, तीही जुन्या वळणाची. कारण गाणं प्रधानाचं नाही, त्याच्या गोंड यजमानाचं आहे. राजगोंडांची कुळं चार, पाच, सहा आणि सात भावांच्या गटांत वाटलेली. मेस्राम सात भावांचे. ज्या कुळाचा प्रधान, त्याच कुळाच्या पेर्सा पेनची म्हणजे थोरल्या देवाची कथा त्यानं गायची. बापाकडून मुलाकडे जसं गाणं येतं, तसे यजमानही वारशानं येतात. मोबदला धान्याचा, कपड्याचा, क्वचित जनावराचा. सिनेमाच्या गीतकाराला गाणं ‘सुचतं’. प्रधानाला ते देणं असतं.

मग प्रेरणा कुठली? गोंडांच्या पुराणात त्याचं उत्तर आहे, आणि ते चांगलंच भयंकर आहे. कली कंकालीची मुलं शंभूनं गुहेत कोंडली. गुहेच्या तोंडावर धोंड. हिरासुका पाटालीर किकरी वाजवत आला, त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ आलं, धोंड हलली आणि गडगडत हिरासुकावरच आली. मुलं सुटली, वादक चिरडला. गोंदिया जिल्ह्यातलं कचारगड हीच ती गुहा, असं मानून माघ पौर्णिमेला तिथे गर्दी लोटते. वीर मेला तर पोवाडा होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. इथे मेलेला खुद्द गाणाराच आहे.

हे ऐकायला कान देणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी निजामाच्या नोकरीत असताना आदिलाबादेत आले, गोंडी शिकले आणि १९४९ मध्ये इथल्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक काढलं. त्याच दशकात मारलवाई गावी मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फ्युरर-हाइमनडॉर्फ राहिले. त्यांच्या शिक्षण योजनेतली गोंडी वाचनमाला देवनागरीत छापली गेली. पुढे नारनूर मंडलातल्या गुंजाळात गोंडीच्या स्वतःच्या लिपीतली हस्तलिखितं सापडली, आणि २०१८ मध्ये ती लिपी युनिकोडमध्ये आली.

प्रधानाचं काम अजून तोंडीच चालतं. गाणं संपलं, धान्य पदरात पडलं, की किकरी फडक्यात गुंडाळायची आणि चहाची चौकशी करायची. मराठीत.