ब्राउनीत बटरऐवजी कोकमतेल : ‘एकच गोष्ट बदलली’ म्हणजे नेमकं काय?

पेट झाली, गाइड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे. या टप्प्यावर बहुतेकांच्या वहीत एक वाक्य असतं : “अमुकऐवजी तमुक वापरल्यास होणाऱ्या परिणामांचा अभ्यास.” वाक्यात चूक काही नाही. पण त्यातल्या ‘ऐवजी’ या शब्दाकडे आपण पुरेसं बघत नाही, आणि पुढे तीन वर्षांनी परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात. आज तो शब्द घरच्या ओटीजीत घालून बघू.

आपला प्रश्न असा : चॉकलेट ब्राउनीत बटरऐवजी कोकमतेल चालेल का?

हा प्रश्न का घ्यायचा?

मी हे मालवणात बसून लिहितेय. इथे रातांब्याच्या बिया घरोघरी सुकवल्या जातात. त्या कुटून, पाण्यात उकळून वर आलेलं तेल काढतात आणि ते थिजलं की त्याचे पांढुरके गोळे होतात. आपल्याला ते माहीत असतं पायांच्या भेगांसाठी. पण २००० साली युरोपीय संघाने चॉकलेटविषयी जो निर्देश काढला, त्यात कोकोबटरखेरीज सहा वनस्पतिजन्य फॅट ५ टक्क्यांपर्यंत वापरायला परवानगी आहे, आणि त्या सहांत आपलं कोकम आहे. म्हणजे कल्पना हवेतली नाही.

आता समजा, तुम्ही एकदा ब्राउनी केली, बरी झाली, आणि सांगून टाकलंत की “कोकमतेल चालतं.” उद्या एखाद्या बचतगटाने तुमच्या शब्दावर पाच किलो माल केला आणि तो परत आला, तर नुकसान त्यांचं. संशोधनातल्या विधानाला अशी किंमत असते.

आधी बटरमध्ये काय असतं ते बघा

पहिला विचार सोपा असतो : ५० ग्रॅम बटर काढलं, ५० ग्रॅम कोकमतेल घातलं. एकच गोष्ट बदलली!

नाही. पाकिटातल्या खारट बटरमध्ये साधारण ८० टक्के फॅट आणि १६ टक्के पाणी असतं. उरलेलं म्हणजे मीठ आणि दुधातले घन पदार्थ. कोकमतेल मात्र जवळपास पूर्ण फॅट. म्हणजे तुमच्या अदलाबदलीत फॅट ४० ग्रॅमवरून ५० झालं, ८ ग्रॅम पाणी गेलं, मीठही गेलं. ब्राउनीत हे पाणी काही कमी काम करत नाही : साखर त्यात विरघळते, मैद्यातला स्टार्च ते शोषून फुगतो. वरची पातळ, चकचकीत पापडीसुद्धा साखर नीट विरघळली तरच येते.

अशी ब्राउनी तेलकट आणि दडस झाली, तर दोष कोकमाचा की गेलेल्या पाण्याचा? सांगताच येणार नाही. दोन कारणं एकमेकांत अशी गुंतली की सोडवता येत नाहीत, यालाच कन्फाउंडिंग म्हणतात. हे निकालानंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने सुटत नाही. ते आधी, वजनकाट्यावरच सोडवावं लागतं.

तीन साचे

म्हणून बटर ‘पुन्हा बांधायचं’. प्रत्येक साच्यात समान :

- डार्क चॉकलेट ५० ग्रॅम
- साखर ६० ग्रॅम
- फेटलेलं अंडं ५० ग्रॅम
- मैदा २५ ग्रॅम
- कोको पावडर ८ ग्रॅम

बदलणारा भाग :

- पहिला साचा : बटर ५० ग्रॅम
- दुसरा साचा : साजूक तूप ४० + पाणी ८ + दूध पावडर १ + मीठ १ ग्रॅम
- तिसरा साचा : खाण्याचं कोकमतेल ४० + पाणी ८ + दूध पावडर १ + मीठ १ ग्रॅम

तुपाचा साचा कशाला, असं तुम्ही विचाराल. सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. तूप म्हणजे पाणी काढलेली दुधाचीच फॅट. त्यात पाणी, मीठ परत घातल्यावर ब्राउनी पहिल्या साच्यासारखी झाली, तर आपली ‘बांधण्याची’ पद्धत बरी आहे. ती वेगळी झाली, तर फरक पद्धतीतून (किंवा तूप कढवताना आलेल्या खमंगपणातून) येतोय, आणि कोकमाबद्दल बोलायचा अधिकार आपल्याला अजून मिळालेला नाही. कंट्रोल म्हणजे “काहीच न केलेला नमुना” एवढंच अनेकांना वाटतं. खरं तर पद्धतीचीच परीक्षा घेणारा कंट्रोलही लागतो. कोकमाची खरी तुलना दुसऱ्या आणि तिसऱ्या साच्यात आहे.

काही बारीक गोष्टी. चॉकलेटच्या घटकांत ‘कोको बटर’ लिहिलंय ना, ते वाचून घ्या. दुकानात सर्रास मिळणाऱ्या ‘कंपाउंड’ लादीत दुसरीच वनस्पती फॅट असते, म्हणजे प्रयोगात तिसरा पाहुणा आला. अंडी चार फोडून एकत्र फेटा आणि मग वजन करून वाटा. एका साच्याला मोठं अंडं, दुसऱ्याला लहान, असं नको. अंडी फ्रिजमधून आधी काढून ठेवा, कारण थंड अंड्यात वितळलेलं कोकमतेल चटकन थिजून गुठळ्या होतात. आणि भेगांसाठी विकलं जाणारं तेल खाण्यात वापरू नका.

अंदाज आधी लिहा

ओटीजी लावण्यापूर्वी वहीत तारीख घालून हायपोथिसिस लिहा. कोकमतेलात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं, म्हणून ते साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. दुधाची फॅट ३५ च्या आतच वितळते. आपलं तोंड ३७ अंशांचं. म्हणजे अंदाज असा : कोकमाची ब्राउनी मे महिन्याच्या उकाड्यातही आकार धरेल, पण तोंडात थोडी मेणचट लागेल. चॉकलेटमधलं कोकोबटर त्यात मिसळलेलं असल्यामुळे हा मेणचटपणा कमीही होऊ शकतो. हा अंदाज खोटा ठरू शकतो, आणि म्हणूनच तो उपयोगाचा आहे.

ओटीजीची जागा आणि दिवस

घरच्या ओटीजीत सगळीकडे सारखी उष्णता नसते. एखादा कोपरा जास्त तापतो. कोकमाचा साचा दर वेळी त्याच कोपऱ्यात गेला, तर पुन्हा कन्फाउंडिंग. उपाय : तीन वेगवेगळ्या दिवशी भाजा आणि जागा फिरवा. पहिल्या दिवशी डावीकडे बटर, मध्ये तूप, उजवीकडे कोकम. दुसऱ्या दिवशी तूप, कोकम, बटर. तिसऱ्या दिवशी कोकम, बटर, तूप. प्रत्येक प्रकार प्रत्येक जागी एकदा येतो. हा झाला लॅटिन स्क्वेअर. कृषी विद्यापीठातल्या मित्राला विचारा, पानसे आणि सुखात्मे यांच्या पुस्तकातून त्याने शेतातल्या वाफ्यांवर हेच केलेलं असेल.

तापमान १७५ अंश, वेळ २२ मिनिटं, तिन्ही साचे एकदमच बाहेर. मध्ये लाईट गेली तर तो दिवस बाद, आणि तसं वहीत लिहायचं. दमट हवेत वरची पापडी लवकर मऊ पडते, त्यामुळे पावसाळ्यातली ब्राउनी आणि जानेवारीतली ब्राउनी यांची तुलना नको. तुलना त्या त्या दिवसाच्या तीन साच्यांतच.

चाखणार कोण?

मावशीच्या हातात तुकडा देऊन “कोकमाची आहे, कशी झालीय?” असं विचारलंत, तर ती म्हणेल, “बरी आसा, पण टाळूक चिकाटता.” हे ब्राउनीमुळे की ‘कोकम’ हा शब्द ऐकल्यामुळे?

म्हणून ट्रायअँगल टेस्ट. प्रत्येकाला तीन तुकडे द्या, दोन एकाच प्रकारचे, एक वेगळा. क्रम बदलत ठेवा. ४७२, ८१५ असे आकडे द्या, कारण ‘अ, ब, क’ म्हटलं की ‘अ’ उगाच पहिला वाटतो. प्रश्न एकच : वेगळा कुठला? नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. १२ जणांपैकी ८ किंवा अधिक जण केवळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता सुमारे १.९ टक्के आहे. ७ वर थांबलात तर ती ६.६ टक्के होते. म्हणून ५ टक्क्यांच्या प्रचलित मर्यादेत ८ हवेत. फरक ओळखता आला नाही, याचा अर्थ फरक नाहीच असा होत नाही. आणि ओळखता आला, तर कुठली आवडली हा वेगळा प्रश्न, वेगळी चाचणी.

चाखणाऱ्यांना अंडं, मैदा, दूध आहे हे आधी सांगा. ते चाखणार की नाही, हे त्यांनीच ठरवायचं. श्रावणात प्रयोग ठेवलात तर अंडं न खाणारे गळतील आणि उरतील त्यांच्यावरच तुमचा निष्कर्ष उभा राहील. नमुना कोणाचा, हेही लिहावं लागतं.

आणखी एक गोष्ट, जी व्हायवात हमखास विचारतात. एका साच्यातले १२ तुकडे म्हणजे १२ प्रयोग नव्हेत. तो एकच घाणा, बाराजणांनी चाखलेला. तीन दिवसांचे तीन घाणे, म्हणून तुमचे रेप्लिकेट तीन. ‘एन बरोबर ३६’ असं लिहायचा मोह आवरा.

आता तुमचं वाक्य काढा

सिनॉप्सिसमधलं ते ‘ऐवजी’चं वाक्य समोर घ्या. एका बाजूला जुन्या घटकातून काय काय जातं त्याची यादी करा, दुसऱ्या बाजूला नव्यातून काय काय येतं त्याची. सॉल्व्हंट असो, जिवाणूंचं मिडियम असो, किंवा शाळेतली शिकवण्याची पद्धत असो. दोन्ही याद्यांत एकापेक्षा जास्त फरक दिसले, तर तुमच्याकडे एक नाही, अनेक प्रश्न आहेत. त्यातला एक निवडा आणि बाकीचे वजनकाट्यावर सारखे करा. गाइडकडे जाताना ही यादी बरोबर न्या. चर्चा तिथूनच सुरू होईल.