वजनकाटा ते मारुतीचा पार

पहाटे ५. उठलो की मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात शिकलेलं मनाशी म्हणतो : फक्त आजचा दिवस. आज नशा करायची नाही, उद्याचं उद्या. तोवर चहा होतो.

सकाळी ७. जालन्याच्या एमआयडीसीत वजनकाट्यावर माझी ड्युटी. ट्रक आधी रिकामा काट्यावर चढतो, मग सळई भरून. दोन्ही वजनांतला फरक म्हणजे माल. रात्रभर जागून आलेल्या ड्रायव्हरचा डोळा मला लगेच कळतो. पावती देताना विचारतो, "भाऊ, झोप झाली का?" कुणी उडवून लावतं, कुणी दोन मिनिटं थांबून बोलतं. तेवढं पुरे.

सकाळी ११. अंबडकडच्या एका आईचा फोन. "पोराच्या कपाटात गोळ्या सापडल्या. मोरीत टाकून देऊ का?"

"नका टाकू, मावशी. तुमच्या ताब्यात ठेवा."

आमच्या भागात झोपेच्या गोळीला पोरं 'बटन' म्हणतात. रोज घेणाऱ्याची ती एकदम तोडली तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. मात्रा डॉक्टरच हळूहळू उतरवतात. घरचे रागाच्या भरात पोराला खोलीत कोंडतात, याची मला फार धास्ती वाटते.

दुपारी ३. सुट्टी झाली. डबा खाऊन घनसावंगीची एसटी धरतो.

संध्याकाळी ६. गावात मारुतीच्या पारावर पोरं जमलेली, मागं बाया उभ्या. इथं माझं खरं काम सुरू होतं. नशेत कसं वाटतं, गोळी कुठं मिळायची, किती घ्यायचो, यातलं काही मी सांगत नाही. समोरच्या एखाद्याला नेमकं तेवढंच लक्षात राहतं. मी बहिणीच्या पैंजणांचं सांगतो. ते मी विकले होते. अंगणात पडले असतील म्हणून ती माती चाळत बसली, आणि मीही तिच्याशेजारी बसून चाळू लागलो. पाराभोवतीचा गलका इथं थांबतो, कारण असं काही ना काही बहुतेक घरांत घडलेलं असतं.

मग उपचाराचं सांगतो. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी देणगी दिली. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यातल्या पोरांसाठी उभं राहिलेलं हे काम. तिथं नशा सोडलेली माणसंच पुढं कार्यकर्ते होतात. माझ्याशी पहिल्यांदा मोकळं बोलला तोही असाच एक जण. त्यानं उपदेश केला नाही, स्वतःचं सांगितलं. म्हणून मी बोलतो.

एक पोरगा विचारतो, "तिथल्या ३५ दिवसांच्या उपचारात सुटलं का मग?"

"नाही रे बाळा. घरी आल्यावर घसरलो. परत गेलो. हा आजार आहे, उलटतो. फॉलोअप सोडायचा नाही."

१४४४६ हा व्यसनमुक्तीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर सगळ्यांकडून मोबाइलमध्ये सेव्ह करून घेतो. फोन फुकट लागतो.

रात्री ९. मावशींना फोन लावला. पोरगा दवाखान्यात यायला तयार झालाय, पण वडिलांसमोर बोलणार नाही म्हणतो. म्हटलं, मग वडील बाहेर बसतील. उद्या मी रजा टाकली आहे. मायलेकांना जालना बसस्टँडवरून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत न्यायचं. गोळ्यांची पाकिटं, रिकामी असली तरी, सोबत आणायला सांगितलीत. कोणती गोळी, केवढ्या पॉवरची, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळेल.