धनुष्य एक नंबर, कंपनीचं काय?

तुकडा अंगठ्याच्या पेराएवढा. अॅल्युमिनियमचा, दोन बारीक स्क्रूंनी धनुष्याच्या चाकावर बसणारा, आणि त्यावर इंग्रजी ‘सी’ अक्षर कोरलेलं. याला मॉड्यूल म्हणतात. दोरी किती मागे येऊन थांबणार, म्हणजे तिरंदाजांच्या भाषेत ‘ड्रॉ लेंथ’ किती, ते हा तुकडा ठरवतो. दोन वर्षांत मुलीची उंची वाढली, हात लांबले, आणि ‘सी’च्या जागी आम्हाला ‘ई’ हवा झाला.

धनुष्य बनवणारी कंपनी परदेशातली, मोजक्या माणसांची. काम इतकं नेटकं की मैदानावर लोक हातात घेऊन बघत. पण ई-मेलला उत्तर येईना, फोन नुसता वाजत राही. शेवटी ज्याच्याकडून घेतलं होतं त्या विक्रेत्यानंच सांगितलं, “कंपनी बंद झाली हो. धनुष्य मात्र एक नंबर आहे तुमचं.”

त्याचं बोलणं शब्दशः खरं होतं. धनुष्याला तेव्हाही काही झालेलं नव्हतं, आजही नाही. फक्त ते आता माझ्या मुलीच्या मापाचं नाही आणि होणारही नाही.

हे चाकांच्या, म्हणजे कंपाउंड धनुष्याचं दुखणं आहे. साध्या लाकडी धनुष्याला ते नाही. बांबूचं किंवा लाकडाचं धनुष्य करणारा कारागीर उद्या गावी निघून गेला, तरी धनुष्य चालतं. दोरी तुटली तर दुसरी वळता येते, मूठ सैल झाली तर चामडं गुंडाळता येतं. असं धनुष्य घेताना कारागिराचा हात पाहावा, त्याची हिशेबवही पाहायची गरज नाही.

कंपाउंडची सुरुवात झाली ती अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या होलेस विल्बर अॅलननं धनुष्याच्या टोकांना चाकं बसवली तेव्हा. पेटंटचा अर्ज 1966चा, मंजुरी 1969ची. युक्ती अशी, की चाकाचा आस मधोमध नसून एका बाजूला असतो. खेचताना सुरुवातीला पूर्ण जोर लागतो, मग चाक फिरतं आणि ओझं एकदम उतरतं. 50 पौंडांचं धनुष्य पूर्ण खेचून धरलं, की आजच्या रचनेत हातावर साधारण दहा पौंडच उरतात. म्हणून नेम धरून निवांत थांबता येतं. पहिल्यांदा खेचणाऱ्याला तर आपलंच काहीतरी तुटलं असं वाटतं.

पण या सोयीची किंमत अशी, की धनुष्य आता काठी उरत नाही, यंत्र होतं. वरचा कॅम, खालचा कॅम (म्हणजे ती चाकं), त्यांना जोडणाऱ्या केबल, लिंब म्हणजे वाकणारे बाहू आणि मधला मुठीचा राइजर हे सगळं एकमेकांच्या मापानं बांधलेलं. केबल किंचित ताणली गेली तरी दोन्ही कॅम एका वेळी फिरत नाहीत आणि बाण वर-खाली जायला लागतात. दोरी आणि केबल या झिजणाऱ्याच वस्तू. नियमित सराव असेल तर वर्षा-दोन वर्षांत बदलाव्या लागतात. त्या मापावरून कुणीही कुशल माणूस बनवून देतो. कॅम, मॉड्यूल आणि लिंब मात्र मूळ कारखान्यातूनच यावे लागतात. बाण न लावता कुणी उत्साहानं दोरी खेचून सोडली (असा एक पाहुणा प्रत्येक घरी येतोच), तर लिंबला चीर जाऊ शकते. मग धनुष्याचं भवितव्य कारखान्याच्या भवितव्याशी बांधलं जातं.

या धंद्याचा इतिहास पाहिला तर ते भवितव्य फार भरवशाचं दिसत नाही. अॅलनचं धनुष्य बाजारात रुजवण्याचं मोठं श्रेय टॉम जेनिंग्ज या कॅलिफोर्नियातल्या धनुष्यकाराचं. एके काळी त्याचं नाव कंपाउंडशी जोडूनच घेतलं जाई. 1983 मध्ये त्याची कंपनी बेअर आर्चरीकडे गेली. त्या बेअरचं तरी काय? फ्रेड बेअरनं 1933 मध्ये डेट्रॉइटला सुरू केलेला उद्योग मिशिगनमधल्या ग्रेलिंगला गेला, 1968 मध्ये दुसऱ्या कंपनीच्या मालकीचा झाला आणि 1978 मध्ये कारखानाच फ्लोरिडात हलला. वॉशिंग्टन राज्यातल्या वाला वाला गावी गेल मार्टिन आणि त्याची बायको इव्हा यांनी 1951 मध्ये दोऱ्या वळण्यापासून सुरुवात केलेली मार्टिन आर्चरी साठ वर्षं घरची राहिली. 2013 मध्ये ती गुंतवणूकदारांनी घेतली आणि पुढे काही वर्षांत मालकी पुन्हा बदलली.

मला यात सगळ्यात बोलकी वाटते ती अर्ल होइटची गोष्ट. 1931 मध्ये सेंट लुईस परिसरात वडिलांबरोबर सुरू केलेलं काम त्यानं वाढवत नेलं, आणि 1983 मध्ये बाण बनवणाऱ्या ईस्टनला विकलं. पाठीशी मोठं भांडवल आलं, होइट हे नाव आज जगभर आहे. म्हातारा मात्र स्वस्थ बसला नाही. बायको अॅन ही स्वतः नामांकित तिरंदाज. दोघांनी मिळून ‘स्काय’ नावानं पुन्हा छोट्या प्रमाणावर धनुष्यं केली. स्थैर्य एकीकडे ठेवून हा माणूस परत लाकडाच्या भुशाकडे गेला, हे मला त्याच्या कुठल्याही पेटंटपेक्षा जास्त आवडतं. गिऱ्हाईक म्हणून विचाराल तर ती ‘स्काय’ही पुढे मॅथ्यूज या दुसऱ्या धनुष्य कंपनीकडे गेली.

तेव्हा छोटी कंपनी बुडते आणि मोठी तरते, इतकं हे सोपं नाही. मोठ्याचं नाव तरतं. त्या नावाखाली दहा वर्षांपूर्वीच्या कॅमचे सुटे भाग अजून निघतात का, हा वेगळा प्रश्न. आणि ‘आजीवन हमी’ बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते. कंपनीच गेली तर तिचा कागद उरतो.

टोकं पुढे वळलेल्या, बिनचाकांच्या रिकर्व्ह धनुष्यात मात्र एक शहाणपणाची गोष्ट घडली. होइटच्याच 1980च्या दशकातल्या रचनेतून लिंब आणि राइजर जोडण्याची एक पद्धत सर्वमान्य झाली. तिला आयएलएफ म्हणतात. लिंबच्या बुडाला खाच, ती राइजरच्या बोल्टखाली सरकवायची, ‘टक्’ आवाज आला की बसलं. यामुळे कोरियातलं लिंब युरोपातल्या राइजरवर चढतं. चार माणसांच्या वर्कशॉपनं कोरलेला राइजर घ्या, ते वर्कशॉप उद्या बंद पडलं तरी तुमचं फारसं अडत नाही. (पुढे होइटनंच आपल्या वरच्या धनुष्यांसाठी ‘फॉर्म्युला’ नावाची वेगळी जोडणी आणली. धंदा म्हटल्यावर असं चालायचंच.) कंपाउंडच्या कॅमला असं सामाईक माप नाही.

आपल्याकडे हा प्रश्न आता हौशी माणसांपुरता राहिलेला नाही. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंडमध्ये विश्वविजेती झाली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम फेरीत दीडशेपैकी दीडशे गुण घेऊन पुरुषांचं विजेतेपद मिळवलं. 50 मीटरवर आठ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात पंधराच्या पंधरा बाण! 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही असणार आहे. त्यामुळे गावोगावचे पालक आता धनुष्याच्या किमती विचारू लागलेत. चांगल्या परदेशी धनुष्याला सगळ्या सामानासकट लाख-दोन लाख सहज लागतात, आणि बऱ्याच घरांत ते कर्ज काढून येतं.

तरीही छोट्या कारागिराकडून घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. आमच्या त्या धनुष्याचे लिंब जोडीनं निवडलेले होते, राइजरच्या एकाही कडेला बोट अडकत नव्हतं. रिकर्व्हचा आयएलएफ राइजर किंवा लाकडी धनुष्य असेल तर खुशाल छोट्याकडून घ्या, त्याचंही घर चालू दे. कंपाउंड मात्र वाढत्या मुलासाठी घ्यायचं असेल तर मॉड्यूल फिरवून माप बदलणारं बघा. प्रत्येक मापाला वेगळा तुकडा लागणारं नको.

आणि तरी एखाद्या छोट्या कंपनीच्या धनुष्यावर मन बसलंच, तर धनुष्याची ऑर्डर देण्याआधी तिच्याच दोन वर्षांपूर्वीच्या मॉडेलचं एक मॉड्यूल मागवा. किती दिवसांत येतं ते मोजा, मग बाकीचे पैसे भरा.