बाळाच्या निमित्ताने पुन्हा चर्चकडे

सिडकोने वसविलेल्या कळंबोलीत बहुतेक कुटुंबे बाहेरून आलेली आहेत. लोखंड बाजार, वाहतूक व्यवसाय आणि तुलनेने परवडणारी घरे यांनी त्यांना येथे आणले. त्यांतील ख्रिस्ती कुटुंबांची मुळे वसईत, अहिल्यानगर जिल्ह्यात, गोव्यात वा केरळात असतात. गावी तिन्हीसांजेला आजी रोझरी म्हणावयास बसे, किंवा घरात कौटुंबिक प्रार्थना होई, आणि मुले आपोआप भोवती गोळा होत. कळंबोलीच्या सदनिकेत आजी नसते. रविवार आठवड्याची झोप भरून काढण्यात जातो आणि चर्च नाताळ व ईस्टरपुरते उरते. हा दुरावा बहुधा वादातून येत नाही. सवय सुटल्याने येतो.

मूल जन्मले की मात्र प्रश्न उभा राहतो. बाप्तिस्मा, म्हणजेच स्नानसंस्कार, कधी करणार, अशी गावाकडून विचारणा होते. कित्येक वर्षांनी आईवडील धर्मगुरूंना भेटावयास जातात. तेव्हा त्यांच्या ध्यानात येते, की हा संस्कार बाळाइतकाच त्यांचाही आहे.

यामागे इतिहास आहे. पूर्वीच्या कॅथलिक विधीत धर्ममातापिता बाळाच्या वतीने उत्तरे देत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ मध्ये, खास बालकांसाठी नवा विधी तयार झाला. त्यात आईवडील व धर्ममातापिता यांनी स्वतःची श्रद्धा प्रकट करावयाची असते. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेनुसार आईवडिलांपैकी किमान एकाची संमती आणि मूल श्रद्धेत वाढेल अशी साधार आशा आवश्यक ठरते. ती अजिबात नसेल, तर कारण समजावून सांगून संस्कार लांबणीवर टाकला जातो. नागपुरात १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बालबाप्तिस्मा आणि समजत्या वयातील बाप्तिस्मा या दोन्ही पद्धती मान्य आहेत. बाप्तिस्मा पुढे ठेवून बाळाचे केवळ अर्पण केले, तरी वचन आईवडीलच देतात.

खरी अडचण येथेच आहे. जे स्वतः वर्षानुवर्षे उपासनेला आले नाहीत, त्यांनी सर्वांसमोर हे वचन कोणत्या तोंडाने द्यावे? नातलगांच्या समाधानासाठी शब्द उच्चारले, तर मन खाते. टाळावे, तर मुलाला काहीच दिले नाही असे वाटते. यावर उपाय एकच, विधीपूर्वीच्या भेटीत धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलणे. वचन पुढच्या वाटचालीविषयी असते. मागच्या हजेरीचा तो दाखला नव्हे. परतणाऱ्याला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही. कॅथलिकांसाठी पापनिवेदनाची वाट खुली असते. आंतरधर्मीय विवाहात कॅथलिक जोडीदार आपल्या परीने मुलांना श्रद्धेत वाढविण्याचे वचन देतो. दुसऱ्याला त्याची कल्पना द्यावी लागते, त्याच्याकडून तसे वचन घेतले जात नाही.

पुढचा अडथळा अगदी साधा असतो. मिस्सा सुरू होते आणि बाळ रडू लागते. संकोचाने अनेक जण पुन्हा येणे टाळतात. जानेवारी २०१४ मध्ये सिस्टिन चॅपेलमधील बाप्तिस्मा सोहळ्यात तत्कालीन पोप फ्रान्सिस यांनी मातांना सांगितले होते, की बाळाला भूक लागली असेल, तर निःसंकोचपणे दूध पाजा. रडणाऱ्या बाळासह मागच्या बाकावर बसणे हेही उपस्थित राहणेच होय.

मात्र रविवारचा एक तास पुरत नाही. परिषदेच्या १९६४ च्या दस्तऐवजात कुटुंबाला घरातील चर्च म्हटले आहे. जेवणापूर्वीची छोटी प्रार्थना, निजताना बाळाच्या कपाळावर केलेली क्रुसाची खूण, आजारी शेजाऱ्याची आठवण. पाळीची नोकरी करणाऱ्यालाही एवढे जमते. तीन-चार वर्षांचे मूल ‘देव कुठे राहतो?’ असे विचारते, तेव्हा ‘मलाही नीट ठाऊक नाही, आपण मिळून शोधू’ हे प्रामाणिक उत्तर घाईने सांगितलेल्या पाठांतरापेक्षा बरे.

साधारण सातव्या-आठव्या वर्षी कॅथलिक मुलांची प्रथम कम्युनियनची तयारी सुरू होते. बाप्तिस्म्याच्या दिवशी दिलेले वचन छायाचित्रांपुरते होते की घरात रुजले, हे तोवर मुलालाच कळलेले असते. गावी आजी जे न सांगता करीत असे, ते कळंबोलीत आईवडिलांनाच ठरवून करावे लागते.