प्रकल्प प्रस्ताव: संस्थांनी काय शिकावं?

अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. भूजलच खारं, त्यामुळे विहीर खोदूनही ओलिताची सोय होत नाही. इथे काम करणाऱ्या संस्थांकडे अनुभव भरपूर असतो. निधी मिळवायचा तर हा अनुभव प्रस्तावात मांडता यावा लागतो.

त्यासाठीच्या प्रशिक्षणाची सुरुवात गरजेच्या नेमक्या मांडणीपासून व्हावी. ‘पाण्याची समस्या आहे’ एवढं पुरत नाही. गाव कोणतं, कुटुंबं किती, पाण्याची क्षारता किती, हे गावकऱ्यांसोबत बसून नोंदवावं. मग उद्दिष्ट ठरवावं, जसं शेततळ्यातून कपाशीला संरक्षित ओलीत. त्यानंतर कामं, वेळापत्रक, अंदाजपत्रक आणि यश मोजण्याचे निकष यावेत. अंदाजपत्रकातला प्रत्येक रुपया एखाद्या कामाशी जोडलेला हवा.

नोंदणीचे नियमही शिकवावेत. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) निधीतून काम करायचं तर सीएसआर-१ नोंदणी लागते. परदेशी देणगीसाठी एफसीआरए या परदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी. या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधीतला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आतच ठेवावा लागतो.

निधी संपल्यावर शेततळ्यातला गाळ कोण काढणार, याचं उत्तरही प्रस्तावात असावं. ते गावाने ठरवलेलं असेल, तरच काम टिकतं.