पाळण्याची भिशी

दत्तक मूल हवंय, पण त्यासाठी पर्सनल लोन नको? थोडं गणित, थोडं भरीत आणि भरपूर पेशन्स असला, की खान्देशात हे जमू शकतं!

समजा, ती जळगावात एका बँकेत आहे. तो धुळ्याला एका कंपनीत, रोज अप-डाऊन. लग्नाला सहा वर्षं झालीत. गाडीचा ईएमआय आत्ताच संपलाय, फ्लॅटचा मात्र अजून बराच बाकी आहे. एका रविवारी संध्याकाळी मेहरूण तलावावर चक्कर मारताना दोघांचं ठरतं, आपण मूल दत्तक घ्यायचं. आणि घरी येईपर्यंत पुढचा प्रश्न तयार असतो. 'खर्च किती येईल रे?'

मग सुरू होतं मोबाइलवर सर्च. समोर येतात अमेरिकेतल्या जोडप्यांच्या गोष्टी. तिकडे खासगी एजन्सीमार्फत दत्तक घ्यायचं तर हजारो डॉलर लागतात. म्हणून कुणी टी-शर्ट छापून विकतं, कुणी घरातलं जुनं सामान अंगणात मांडतं. कुणी मोठं जिगसॉ पझल आणतं आणि एकेक तुकडा देणगीदारांना 'विकतं'. तुकड्यामागे देणगीदाराचं नाव आणि पूर्ण झालेलं चित्र बाळाच्या खोलीत! आयडिया भन्नाट आहे, पण वाचून पोटात गोळा येतो. आपल्याकडेही एवढाच खर्च असेल तर?

रिलॅक्स. आपल्याकडचं गणित वेगळं आहे.

आकडा किती?

भारतात दत्तक प्रक्रियेवर 'कारा' म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचं नियंत्रण असतं. नोंदणी काराच्या पोर्टलवर ऑनलाइन होते. त्यानंतर समाजसेविका घरी येऊन तुमच्याशी बोलते, घर बघते आणि अहवाल देते. या अहवालाचे सहा हजार रुपये. बाळ घरी येताना संस्थेच्या बालसंगोपन निधीत ठरावीक रक्कम भरायची. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याची भेट होते, तिचे प्रत्येकी दोन हजार. सगळी अधिकृत फी मिळून पासष्ट हजारांच्या आत बसते. एका बऱ्यापैकी स्कूटरपेक्षाही कमी!

आधी शेवटचा आदेश कोर्टाकडून घ्यावा लागायचा. 1 सप्टेंबर 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला.

आणि हे तर लिहूनच ठेवा. याव्यतिरिक्त कुणी 'डोनेशन' मागितलं, 'दोन लाखांत महिन्याभरात बाळ मिळवून देतो' म्हणालं, तर तिथून उठा. तो शॉर्टकट नसतो, गुन्हा असतो. बाल न्याय कायद्यात मुलाच्या खरेदी-विक्रीसाठी पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. ही शिक्षा विकणाऱ्याला आहे, तशीच विकत घेणाऱ्यालाही. त्या व्यवहारात उद्या मूलही हातातून जाऊ शकतं. कर्ज काढून असं मूल आणणाऱ्यांची तर दुहेरी फसगत.

मग पैसे कशाला जमवायचे?

कारण फी हा खर्चाचा छोटा भाग आहे. बाळ कुठल्याही राज्यातलं असू शकतं, म्हणजे प्रवास आला, राहणं आलं. भुसावळ जंक्शन हाकेच्या अंतरावर आहे ही आपली चैन, पण तिकीट काढावंच लागतं. मेडिकल तपासण्या, कागदपत्रं, बाळाची खोली, डॉक्टर, लसी. आणि सगळ्यात मोठा खर्च म्हणजे सुट्टी.

2017 साली प्रसूती रजेच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि दत्तक आईलाही 12 आठवड्यांची रजा मिळाली. पण तेव्हा अट होती, बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान हवं. कायदेशीर प्रक्रियेतून येणारं बाळ बहुतेक वेळा त्याहून मोठंच असतं. त्यामुळे या अटीला पुढे सर्वोच्च न्यायालयात आव्हानही दिलं गेलं. तुमच्या ऑफिसात आज कुठला नियम लागू आहे, हे एचआरकडून लेखी घ्या. बाबांच्या रजेचंही तेव्हाच विचारा. आणि पगारी रजा मिळेल न मिळेल, निदान तीन महिने एका पगारावर घर चालेल एवढी तयारी ठेवा. नव्या घरात, नव्या आवाजांत आलेल्या मुलाला पहिले काही महिने आई-बाबा समोर दिसणं, ही खेळण्यांपेक्षा मोठी गरज असते.

तिचा पगार पस्तीस हजार धरू. तीन महिन्यांचे झाले एक लाख पाच हजार. त्यात फी आणि प्रवास मिळवला, की टार्गेट साधारण दोन लाख.

वेटिंग म्हणजे सेव्हिंग

आता गंमत बघा. लहान, निरोगी बाळासाठी आज तीन वर्षांहून अधिक थांबावं लागतं. ही प्रतीक्षा छळते, रडवते, नातेवाइकांचे प्रश्न वाढवते. पण पैशांच्या बाजूने पाहिलं तर तुमच्या हातात छत्तीस पगार आहेत!

नोंदणी केली त्याच महिन्यात पोस्टात किंवा बँकेत तीन हजारांची आरडी सुरू करा. छत्तीस महिन्यांत व्याज सोडून एक लाख आठ हजार. दुसरी गोष्ट, भिशी. आमच्या जळगावात भिशी नसलेली गल्ली शोधून दाखवा! आईच्या भिशीतून आमच्या घरी फ्रिज आला, माझ्या कॉलेजची फी गेली, बहिणीच्या बांगड्या झाल्या. बारा जणी, दोन हजार महिना, म्हणजे वर्षाला चोवीस हजार आणि तीन वर्षांत बहात्तर हजार. भिशीत व्याज मिळत नाही, पण मैत्रिणींच्या धाकाने हप्ता चुकत नाही. मात्र भिशी ओळखीच्याच माणसांत लावा. जास्त व्याजाच्या नादात पतसंस्थांमध्ये हात पोळलेली माणसं जळगावात कमी नाहीत.

एक लाख ऐंशी हजार झाले. राहिले वीस हजार.

भरीत विका, बाळाची गोष्ट नको

आता येतं आपलं खान्देशी फंडरेझिंग! डिसेंबर-जानेवारीत इथे प्रत्येकाला भरीत पार्टी हवी असते, पण काड्यांवर वांगी भाजायला वेळ कुणाकडे आहे? जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली जीआय मानांकन मिळालंय, म्हणजे ब्रँडिंग फुकट. रविवारी सकाळी भरीत आणि कळण्याच्या भाकरीच्या ऑर्डरी घ्या. खर्च वजा जाता एका रविवारी दीड हजार उरले, तर एका थंडीत सात रविवार आणि दोन थंड्यांत एकवीस हजार. उन्हाळ्यात सासूबाईंच्या हातच्या बिबड्या आणि कुरडया आहेतच. पुण्या-मुंबईतले आपले लोक त्या हातोहात उचलतात. खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी तेवढी ऑनलाइन करून घ्या.

पण एक पथ्य पाळा. डब्यावर 'आमच्या बाळासाठी मदत करा' असं लिहू नका. लोकांनी भरितासाठी पैसे द्यावेत, दयेसाठी नाही. उद्या तेच मूल शेजारच्या काकूंकडे खेळायला जाईल, तेव्हा 'आम्हीपण दिले होते हं पाचशे' हे त्याच्या कानावर कशाला पडायला हवं? मुलाचा फोटो किंवा माहिती टाकून पैसे गोळा करणं तर पूर्णपणे बाद. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करायला बाल न्याय कायद्याने बंदी आहे. शिवाय ती गोष्ट त्या मुलाची आहे. कुणाला, कधी सांगायची, हे मोठेपणी ते ठरवेल.

आजी-आजोबांना मदत करायचीच असेल तर त्यांना सोपं काम द्या. लग्नात आलेली, माळ्यावर पडलेली भांडी काढा, पाळणा दुरुस्त करा, जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवा. यात पैसे वाचतातच, पण खरा फायदा वेगळा आहे. 'कुणाचं मूल, कुठलं मूल' म्हणणारी आजी स्वतः गोधडी शिवायला बसली, की तीन वर्षांत ते मूल तिचं झालेलं असतं.

सोनं मोडायचं का?

सुवर्णनगरीत हा प्रश्न येणारच. गरज पडली तर न वापरलेला एखादा दागिना विकणं हे कर्ज नाही, पण सोनं तारण ठेवणं हे कर्जच. क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोन तर नकोच. घरपाहणीच्या वेळी तुमच्या मिळकतीचे कागद बघितले जातात. कायद्यात अमुक एवढा पगार हवा अशी अट नाही, पण तुम्ही मुलाला नीट सांभाळू शकता हे दिसायला हवं. डोक्यावर चार हप्ते घेऊन ते दाखवणं अवघडच.

तेव्हा तारीख ठरवा. सगळ्यात चांगला मुहूर्त आखाजीचा. खान्देशात आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात. या आखाजीला नोंदणी करा आणि भिशीचा पहिला हप्ता भरा. मग कधीतरी अशीच एक आखाजी येईल, घरात एक आंडोर नाहीतर आंडेर असेल आणि झोक्यावर बसायचा पहिला नंबर कुणाचा, यावरून भांडण सुरू असेल. बँकेचा हप्ता? तो फक्त फ्लॅटचा!