ओझ्याची विद्या

भटक्याच्या पाठीवरचे ओझे हा आपल्याकडे अभ्यासाचा विषय कधी झाला नाही. तो पंचनाम्याचा विषय झाला. पालांवर धाड पडते, बोचकी सोडली जातात, आणि कागदावर यादी उतरते: सुरी, कोयता, पहार, दोर, जाळे. या यादीला मुद्देमाल म्हणतात. वस्तू कोणी केली, कशाची केली, मैलोगणती चालताना ती कशी वाहिली, हे पंचनामा विचारत नाही. आपल्या विद्यापीठांनीही ते फारसे विचारलेले नाही. शिकारीवर जगणाऱ्या भटक्यांनी आपली साधने वाहून नेण्यासाठी घरच्या घरी कोणत्या युक्त्या योजल्या, हे या लेखात समजून घ्यायचे आहे. विषय लहान दिसतो. पण ज्ञान कोणाचे मानायचे आणि गुन्हा कोणाचा मानायचा, हा मोठा प्रश्न त्यात दडलेला आहे.

ओझे दोन प्रकारचे असते. एक दुसऱ्याचे आणि एक स्वतःचे. दुसऱ्याचे ओझे आपल्या वाडवडिलांना चांगलेच ठाऊक होते. दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराचे सामान एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवणे हे महाराच्या वतनी कामांत मोडत असे. या वेठीला आधार देणाऱ्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. साहेब शिकारीला निघाला की तंबू, खुर्च्या, बंदुका, भांडीकुंडी असा सगळा संसार गाड्यांवर आणि माणसांच्या डोक्यावर निघे. रान उठवायला हाकेकरी असत, तेही गावातलेच. या ओझ्याला मर्यादा नव्हती, कारण ते वाहणारी मान साहेबाची नव्हती. ज्याला स्वतः वाहायचे नसते त्याला वजनाची विद्या लागत नाही.

पारधी, वैदू, नंदीवाले यांना ती लागली. त्यांची अडचण नीट समजून घेतली पाहिजे. बिऱ्हाड सतत चालते. गावाबाहेर पाल टाकायचे तर परवानगी पाटलाची, आणि मुक्काम मोजक्या दिवसांचा. उठ म्हटले की उठावे लागे. शिकारीचे साधन गुंतले, भिजले, मोडले की त्या रात्री चूल पेटणार नाही. नवे विकत घ्यायला पैसा नाही. म्हणून प्रत्येक वस्तूला चार अटी आपोआप लागू झाल्या: ती हलकी असावी, तिची घडी व्हावी, वाटेत मिळणाऱ्या जिन्नसातून ती दुरुस्त करता यावी, आणि शक्यतो एका वस्तूने दोन कामे करावीत.

फासेपारध्याचा फासा या चारही अटी पाळतो. पक्ष्यांच्या फाशासाठी बांबूच्या चिरलेल्या बारीक काड्या एका लांब दोरीला ओळीने बांधतात आणि प्रत्येक काडीला घोड्याच्या शेपटीच्या केसांचा सरकफास असतो. केसाला ताठरपणा असतो. त्यामुळे फास उघडा उभा राहतो, गवतात दिसत नाही आणि दवाने सुताप्रमाणे लोळागोळा होत नाही. काड्या जमिनीत टोचल्या की तित्तर-लाव्यांच्या वाटेवर एक न दिसणारे कुंपण तयार होते. काम झाले की काड्या एकावर एक मिटवून जुडी करायची. पन्नास पावले लांबीचे कुंपण काखेत मावते. हरणाच्या फाशाला केस पुरत नाही. तिथे चामड्याची वादी किंवा पीळ दिलेली तात लागते. ती जड असते, म्हणून वेटोळे करून खांद्यावर घेतात.

या फाशाला जोड असते गाईची. शिकवलेली गाय चरत चरत सावकाश पुढे सरकते आणि पारधी तिच्या आडून तिला वळवत राहतो. चरणाऱ्या गुराला पाखरे बिचकत नाहीत. ती हळूहळू फाशांच्या बाजूला सरकतात. म्हणजे गाय हे शिकारीचे साधन झाले. पण ते साधन वाहून न्यावे लागत नाही, ते स्वतः चालते, आणि त्याचा चारा वाटेवरच असतो. बिऱ्हाड हलताना त्याच जनावराच्या पाठीवर सामानही टाकता येते. एका वस्तूने दोन कामे करावीत, ही अट इथे वस्तूवरून जनावरापर्यंत पोचली आहे.

१९८०च्या दशकाच्या आरंभी कैलाश मल्होत्रा, माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्रातील तीन भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला. त्यात दिसले ते असे. फासेपारध्यांचा भर फासा आणि गाय यांवर, म्हणून हरीण आणि पाखरे. नंदीवाल्यांचा भर कुत्र्यांवर, म्हणून रानडुक्कर, साळिंदर, घोरपड. वैदूंचा भर आमिष लावलेल्या सापळ्यांवर, म्हणून मुंगूस, उदमांजर असे लहान प्राणी. एकाच मुलखात फिरूनही तिघे एकमेकांच्या ताटात हात घालत नव्हते. अभ्यासकांनी हा विचार पर्यावरणाच्या अंगाने केला. ओझ्याच्या अंगाने पाहिले तरी तीच वाटणी दिसते. कुत्र्यांना वाहावे लागत नाही. काठ्या आणि भाले तेवढे हातात. सापळा मात्र जागा अडवतो, आणि वैदूकडे शिवाय मुळ्या-पाल्याच्या झोळ्या असतात. म्हणून त्याच्या खांद्यावर कावड आली.

कावड साधी दिसते, पण ती हिशेबाची वस्तू आहे. बांबू लवचीक हवा. चालीबरोबर तो खालीवर होतो आणि खांद्याला बसणारा हिसका स्वतःत जिरवतो. दोन्ही टोकांची शिंकी सारख्या वजनाची हवीत. एकीकडचे सामान विकले गेले तर दुसरीकडचे काढून तोल साधावा लागतो. न थांबता खांदा पालटता आला पाहिजे. तीच गोष्ट पडशीची. एक भाग छातीवर, एक पाठीवर, मध्ये खांदा. दोन्ही हात मोकळे. हात मोकळे असणे ही चैन नव्हे. वाटेत काटक्या वेचायच्या असतात, कंद उकरायचे असतात, मूल सावरायचे असते.

जनावराच्या पाठीवर गोण टाकतात तीही याच तत्त्वावर, दोन्ही अंगांना सारखी. गाढवाची पाठ सोलवटू नये म्हणून खाली जुन्या गोधड्यांचे पालाण. गाढवाचे मोल या माणसांना किती होते हे समजायचे असेल तर मढी आणि जेजुरी इथे भरणारे गाढवांचे बाजार आठवावेत. यात्रा देवाची खरी, पण वर्षभराचे चालणे तिथे ठरत असे.

आणि स्त्रिया. शिकारीच्या गोष्टींत फासा लावणारा पुरुष असतो. पण फासे ज्या बिऱ्हाडाबरोबर चालत, त्यातले जड सामान बहुतेक बाईच्या डोक्यावर असे. जात्याची तळी, भांडी, पालाचे कापड, वर पाठीशी बांधलेले मूल. डोक्यावरची चुंबळ म्हणजे फाटक्या लुगड्याचा वळलेला वेढा. वजन टाळूच्या एका बिंदूवर न येता कडेने पसरावे, एवढेच तिचे काम. ती कुणी शोधली हे कुठल्याही पुस्तकात नाही. पण तिच्याशिवाय एकही बिऱ्हाड हलले नसते. पुरुषाचे ओझे हलके राहिले ते बाईच्या ओझ्यामुळे, हे लिहिल्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही.

या सगळ्याला बांधून ठेवणारी वस्तू म्हणजे दोर. घायपाताचा वाख काढून तो वळण्याचे कसब आपल्या मांगवाड्यातही होते. तिथे ते बलुत्याच्या पसाऱ्यात अडकले. पालावर ते पोटाबरोबर फिरत राहिले. कसब एकच, पण एकाची नोंद सेवा म्हणून झाली, दुसऱ्याची हत्यार म्हणून.

हत्यार हा शब्द इथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, १९११ साली त्याचा अंमल देशभर वाढवता आला, आणि जन्मानेच माणूस गुन्हेगार ठरू लागला. हजेरी आणि परवान्याशिवाय हलता येईना. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती झाल्या. चालण्यासाठी घडवलेल्या साधनांना तिथे काहीच अर्थ उरला नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि संशय तसाच राहिला. पुढे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातल्या व्याख्या आपल्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचाव्यात. ‘हत्यार’ या शब्दात बंदुकीच्या जोडीला जाळी, फासे आणि सापळे येतात. ‘वाहन’ या शब्दात बैल, म्हैस, गाढव, घोडा आणि खेचर येतात. गुन्ह्यात वापरलेली आणि जप्त झालेली हत्यारे व वाहने सरकारची मालमत्ता होतात. साहेबाची बंदूक आणि घोड्याच्या केसाचा फासा एकाच ओळीत येऊन बसले.

याचा अर्थ शिकार पुन्हा सुरू करा असा कोणी काढू नये. काळवीट आणि माळढोक वाचलेच पाहिजेत. सोलापूर-नगरच्या माळांवर १९७९ साली माळढोक अभयारण्य झाले, १९८० साली कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य झाले, ते गरजेचेच होते. पण माळरान संपले ते केसाच्या फाशाने नव्हे. ते नांगराखाली गेले, कालव्याखाली गेले, उसाखाली गेले. त्या माळाची खडान्‌खडा माहिती असलेल्या माणसाला मात्र रक्षणाच्या कामात जागा मिळाली नाही. त्याच्या वाट्याला कोठडी आली.

२००६च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळला आहे. मात्र त्याच कायद्यात भटक्या आणि पशुपालक समाजांचा ऋतुमानानुसारचा वापर मान्य आहे, आणि पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्कही मान्य आहे. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातींत आहेत, त्यांना हा दावा करता येतो. वैदू आणि नंदीवाले भटक्या जमातींत मोडतात. त्यांच्याकडे तीन पिढ्यांच्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्याला एका जागी राहूच दिले नाही, त्याने वास्तव्याचा पुरावा कुठून आणायचा?

माझ्या मते तो पुरावा ओझ्यात आहे. वाटा, मुक्काम, बाजार, कोणत्या माळावर कोणत्या महिन्यात कोणता फासा काढायचा, हे सगळे त्या साधनांच्या घडणीत आणि त्यांच्या नावांत साठलेले आहे. ती नावे पालावरच्या बोलीत आहेत, आणि ती बोलणारी माणसे थकत चालली आहेत. नातवंडांच्या पाठीवर आजही पोते आहे. पण त्यात भंगार आणि प्लास्टिकच्या बाटल्या आहेत.

म्हणून शिक्षक आणि कार्यकर्त्या मित्रांना एक काम सुचवतो. पालावर जाताना केवळ जातीच्या दाखल्याचा अर्ज घेऊन जाऊ नका, कोरी वहीही न्या. म्हाताऱ्यांना आणि विशेषतः म्हाताऱ्यांइतक्याच चाललेल्या म्हाताऱ्या बायांना विचारा: काय वाहिले, कशात वाहिले, कोणी वळले, कोणत्या वाटेने नेले, कुठे उतरवले. वस्तूचे चित्र काढा, तिचे नाव त्यांच्याच बोलीत लिहा, आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवा. पोलिसांनी त्या बोचक्याची यादी दीडशे वर्षे केली. आता तिचा अर्थ त्या बोचक्याच्या मालकांनी सांगायचा आहे, आणि आपण तो नीट उतरवून घ्यायचा आहे.